गुरुवारच्या फुल्या

शुक्रवार, १० जानेवारी
दादाचा तेरावा झाला. पाहुणे दुपारी गेले. मांडववाल्याचा माणूस भांडी मोजून घेऊन गेला. संध्याकाळी वहिनींनी दादाच्या फोटो स्टुडिओची किल्ली हातात दिली. दादा गेल्यापासून शटर उघडलेलं नव्हतं. जांबे गावच्या लग्नाचा अल्बम अर्धा राहिलाय. फोटो दादाचे, पानं वहिनी जोडतात.
बावधनला फ्लॅटवर परत जायचं होतं. राहिलो. गावातूनच, नेऱ्यातूनच काम करतो असं ऑफिसला कळवलं.

रविवार, १२ जाने.
वहिनी अल्बमला बसल्या. मी शेजारी. त्यांना स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची भीती वाटते, मधेच बंद पडतं, केलेलं काम जातं. आज पडलं नाही. म्हणाल्या, "तुमी बसलाय म्हणून शानं झालंय."
आमच्या ऑफिसात बनते ती ऑपरेटिंग सिस्टिम त्या मशीनवर मीच टाकली होती. दादा लोकांना सांगायचा, "फुकटचा इंजिनेर हाय घरात."

मंगळवार, १४ जाने.
जांब्याहून मुलीचे वडील आले. तिळगूळ दिला, आम्ही घेतला नाही, त्यांच्या लक्षात आलं, ओशाळले. अल्बमचं थेट विचारलं नाही. "पोरगी इचारती, पर घाई न्हाई." म्हणजे घाई आहे.
ते गेल्यावर वहिनी म्हणाल्या, स्टुडिओचा गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावा. "फोटू काढायला माणूस मिळंल, भावजी. पर ही मशीन अशी मरत ऱ्हायली तर गिऱ्हाइकाला काय सांगू?" माघात दोन लग्नं दादाने घेऊन ठेवलीत. त्याआधी ठरवायला हवं.

गुरुवार, १६ जाने.
सकाळी लाइट गेली. मशीन इन्व्हर्टरवर, चालू राहिलं. नेटवर्कने जोडलेला फोटोंच्या डिस्कचा डबा आतल्या खोलीत, तिथे इन्व्हर्टरची लाइन नाही. फोल्डर उघडता उघडता अडकलं. दीड तासाने लाइट आली आणि अख्खं मशीन पडलं. वहिनींची चार पानं गेली. त्या उठून घरी गेल्या.
स्क्रीनवर पांढऱ्या ओळी राहिल्या. वाचल्या. परत वाचल्या. ऑफिसात चार महिने आमच्याकडे पडून असलेली तक्रार, ती हीच. नेटवर्कवरच्या फाइली वाचणारा आमच्या सिस्टिममधला प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, त्याची. आम्ही शेरा मारून ठेवलाय, "आमच्याकडे होत नाही."
दादाचे मेसेज काढून पाहिले. "परत पडला. बघ की जरा." असे नऊ. माझं उत्तर नऊ वेळा, रीस्टार्ट कर.

त्याच दिवशी, नंतर
भिंतीवर गेल्या वर्षाचं कॅलेंडर अजून तसंच. दादाने लाल पेनाने फुल्या मारल्यात. मला वाटायचं लग्नाच्या तारखा. लग्नं निळ्या पेनाने आहेत. दादाच्या मेसेजच्या तारखा फुल्यांशी जुळल्या. फुल्या सगळ्या गुरुवारी. एकच शनिवारी, तिच्याखाली लिहिलंय "वारं".
गुरुवारी दुरुस्तीला लाइट जाते, वारं सुटलं तरी जाते, हे नेऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत. हिंजवडीच्या ऑफिसात जनरेटरमुळे आम्हाला वारही कळत नाही.
वहिनींना विचारलं. "मला वाटलं दत्ताचा वार, मशीनला बी उपास आसंल." पहिल्यांदा हसल्या.

शनिवार, १८ जाने.
फोल्डर उघडत असताना डब्याचा प्लग काढला, थांबलो, लावला. पडलं. पुन्हा केलं. पडलं. पाचपैकी चार वेळा.
माझ्याबरोबर काम करणाऱ्या नेहाला ऑफिसात फोन. ती, "कसं काय? आम्ही सगळं ट्राय केलं." म्हटलं, प्लग काढून.
आम्ही चाचणीला सर्व्हर, म्हणजे असा डबा, नेहमी रीतसर बंद करायचो. रीतसर बंद होताना तो समोरच्याला कळवतो. लाइट गेली की काही कळवत नाही. मग क्लायंट नवीन जोडणी करताना जुन्या जोडणीची मेमरी सोडून देतो, पण फोल्डरची यादी मागणारा भाग अजून तिच्यावरच थांबलेला असतो. उत्तर आलं की तो सोडलेल्या जागेत हात घालतो.
दादाही असाच गेला, न सांगता. त्या सकाळी चहा पिऊन घरातून निघाला होता.

सोमवार, २० जाने.
दुरुस्ती अकरा ओळींची. थांबलेला शेवटचा निघेपर्यंत जुनी जोडणी सोडायची नाही. ती मशीनवर चढवून प्लग चाळीस वेळा काढला-लावला, नाही पडलं. दुरुस्तीचा हा पॅच मंजुरीला वर पाठवला. खाली तक्रार करणाऱ्याचं नाव लिहायची रीत आहे. दादाचं लिहिलं. पूर्ण नाव.

गुरुवार, २३ जाने.
सव्वादहाला लाइट गेली. वहिनींनी माउस सोडला नाही. यादी अर्ध्यावर थांबली. मी उगाच लेन्स पुसत बसलो.
पावणेबाराला आली. डब्याचा दिवा लागला, आणि थोड्या वेळाने उरलेले फोटो एकेक करून खाली उमटू लागले.
"जित्तं हाय की वो!" मग पदर तोंडाला. "त्यांना दावायला पायजे हुतं." मी हो म्हटलं.
अल्बम पुरा झाला. जांब्याला फोन त्यांनीच केला. मोबाइलवाल्याला अजून उत्तर दिलेलं नाही. "माघात बघू." पॅचवर वरच्या लोकांची एक शंका आलीय, घेतील की नाही ते अजून कळलेलं नाही.
दुपारी पोटभर जेवलो. बऱ्याच दिवसांनी.
वहिनी घरी गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी पाहिली. दोन खान्यांत पाणी कमी. दादा महिन्याला भरायचा. कॅन कोपऱ्यात होताच. पाणी घातलं, बुचं घट्ट लावली, शटर ओढलं.