कोरे बूट

ताई,

'प्रिय' मुद्दामच लिहिलं नाही. तुझा राग आलाय म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर मी जळतेय.

आज शाळेची सहल सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेली. संध्याकाळी तू फोनवर रडगाणं लावलंस, की तुझ्या हेतलच्या बुटांत धूळ, लीद, काय काय भरलंय, धुऊन धुऊन हात दुखले. माझी रुचिकाही त्याच सहलीला गेली होती, ते तुझ्या लक्षातही आलं नाही. व्हीलचेअर धुळीत रुतेल, गर्दीत पोरीला लागेल म्हणून बाईंनी तिला बसमध्येच ठेवलं. स्वतःही उतरल्या नाहीत. तिच्यासाठी गरम जिलेबी मागवली आणि दिवसभर शेजारी बसून राहिल्या. अशा बाईंशी भांडू तरी कशी?

घरी आल्यावर रुचिकानं एवढंच विचारलं, "मम्मी, घोडावर बसाले पाय कसाले लागतस वं?"

मी तिचे बूट काढले. सकाळी घातले तसेच कोरे होते. तरी मोरीत बसून तुझ्यासारखेच घासघासून धुतले.

हे पत्र तुला पाठवणार नाही. पाठवलं, तर तूही जिलेबी घेऊनच येशील.

तुझी धाकटी,
भारती