पडीक जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी १९८६
कृष्णाबाईंच्या उशीखाली सुके बोंबील सापडले म्हणून मेट्रनबाईंनी आज अख्ख्या खोलीसमोर झापलं. "हा वृद्धाश्रम आहे, मासळीबाजार नाही." पुडी कचऱ्यात. ऐंशीची म्हातारी ती — आणि मी ऑफिसच्या दारात फाइल धरून गप्प! संताप आला. स्वतःचाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आश्रमाला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेत इतिहास मी लिहायचा. पहिल्या दिवसापासूनचे आमचे सेक्रेटरी भाऊराव म्हणाले, "जुनाच उतरवून काढ. 'पडीक जागेवर नंदनवन फुलवलं' — तिथून सुरुवात."

कृष्णाबाईंना वाचून दाखवलं तर त्या हसल्याच. "पडीक? मंग आमचं बोंबील काय आभालान सुकत व्हतं गो?" भाऊरावांची खुर्ची आहे तिथे कृष्णाबाईंच्या सासूच्या वलांड्या होत्या — बोंबील टांगायच्या काठ्या. सगळा कोळीवाडा इथेच वाळवण घालायचा. एके दिवशी कुंपण पडलं. संपलं.

आणि वासाबद्दल बोलणी त्यांनीच खायची!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
भाऊराव : "म्हातारी काहीही बडबडते. कागद दाखव, छापतो."
दाखवतेच.

रविवार, ९ फेब्रुवारी
घरी वडिलांना, नानांना, सांगितलं. शाळेआधी पाटीवर अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली, आणि नियमही त्यांचाच — डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. तलाठी म्हणून जन्मभर तसंच लिहिलं, म्हणतात. वाटलं, पाठ थोपटतील. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "नोकरी नवी आहे तुझी. जुनी दप्तरं उकरू नकोस."
नाना? असं?

बुधवार, १२ फेब्रुवारी
ऑफिसच्या कपाटाच्या तळाशी जागेचा पंचनामा मिळाला. १४ जुलै १९६०. 'जागा मोकळी, पडीक. कोणाचीही वहिवाट दिसून आली नाही.'
सही वाचायची गरजच पडली नाही. तो 'ळ' मी पाटीवर गिरवलाय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
कागद नानांपुढे ठेवला. चष्मा पुसत राहिले. मग — "खोटं नाही लिहिलं. काठ्या होत्या, पण एक बोंबील नव्हता त्यांवर."
"जुलैत? पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला असताना?"
"तारीख भाऊरावांनी मागून घेतली होती."
"तुम्हाला कळलं होतं?"
नानांनी मान हलवली. कळलं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
इतिहास दिला. काठ्या, जुलै, सगळं. तलाठ्याचं नाव पूर्ण लिहिलं. खाली माझं — आडनाव तेच.