पवईच्या खिडकीत तुटलेला फोन

द्वारके,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी लेकाकडे पवईत बरी आहे, जेवते, भांडते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणाले की..." आणि फोन तुटला. नात अपूर्वा मोबाईलच्या टॉवरचंच काम करते. म्हणते, "आजी, हे नवे जलद सिग्नल बॅटरीच्या झोतासारखे सरळ येतात. तू खिडकीत आडवी आलीस. टॉवर आपल्याला परत शोधेपर्यंत पाळी दुसऱ्यांची." म्हणजे नळावरचीच रांग, हंडा हलला की नंबर गेला.

आता खिडकीत कुणाला उभं राहू देत नाही. तरी तू फोन उचलत नाहीस, ते का गं?

म्हैस व्याली का? आणि तुझी ती गाठ कसली निघाली? वाईट असेल तर वाईटच लिही. मी खिडकीतून बाजूला झालेय. आता तू आड येऊ नकोस.

तुझी ताई