अपीलदार जिन्यातच होता

वरचा मजला, दि. ३

चि. टिकटिक यास,
अ. उ. आ.

तुझं अपील काल फेटाळलं गेलं. माझ्या वकिलांनी अभिनंदन केलं तेव्हा खरं वाटेना, म्हणून आज कोर्टातल्या कारकुनाला फोन केला. त्याने रजिस्टर उघडून वाचून दाखवलं: तीनदा पुकारा झाला, अपीलदार गैरहजर, त्याचे वकील गैरहजर, सबब अपील काढून टाकलं. म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल कायम. तुझ्या घड्याळाच्या दुकानाची खोली माझी, आणि महिन्याभरात तू ती रिकामी करायचीस.

अरे, गैरहजर कसला? दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर माझ्या शेजारी उभा होतास! लिफ्ट बंद, माझा गुडघा धरलेला, आणि तू मला एकेक पायरी चढवत होतास. पुकारा मलाही ऐकू आला. तू धावत का गेला नाहीस? मी काय पळून जाणार होते?

बाबांनी खोली मला दिली, हे मी अकरा वर्षं सांगते आहे. पण दोघांचं ऐकून न्यायाधीशांनी म्हणावं की बाई, तुमचं बरोबर. भाऊ जिन्यात अडकला म्हणून जिंकले, हे कुठल्या तोंडाने सांगू? तीस दिवसांत अर्ज केला आणि कारण पटलं, तर अपील पुन्हा घेतात म्हणे. आजच वकिलाकडे जा.

भांडण दाव्यापुरतं, लोभ त्याच्या बाहेरचा, तो सांभाळ.

तुझी ताई

---

तळमजला, दि. ५

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या वकिलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, विरुद्ध पक्षाशी एक शब्द बोलायचा नाही. लिहू नका असं तो म्हणाला नाही, म्हणून तर अकरा वर्षं दाराखालून पत्रं सरकवतो आहोत. पुकारा झाला तेव्हा तू दोन्ही हातांनी माझा दंड आवळला होतास. "कठडा धर" एवढंच सांगायचं होतं; पण ते बोलणं झालं असतं. पेन्सिल सापडली, मग कागद सापडेना. शेवटी गिऱ्हाइकाच्या पावतीमागे लिहून तुझ्यापुढे धरलं, तर तुझा चष्मा पिशवीत. तेवढ्यात तिसरा पुकारा झाला. वकील दुसऱ्या दालनात होता. तुम्ही नुसते उभे राहा आणि मुदत मागा, असं सांगून गेला होता.

अर्ज करणार नाही. त्यात कारण लिहावं लागतं, आणि कारण तू आहेस. सख्ख्या बहिणीने धरून ठेवलं अशी चहाडी मी कोर्टात करू? भिंतीवरची घड्याळं उतरवली आहेत. जमिनीवर मांडलेली पाहून गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. वाईट एवढंच वाटतं की या वयात बारीक काटे मला दुकानाच्या त्या खिडकीच्या उजेडातच दिसतात. दुसरीकडे धंदा होईलसं वाटत नाही. असो.

गुडघा शेक. माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

---

वरचा मजला, दि. ६

चि. टिकटिक यास,
अ. उ. आ.

मीच तुझ्या वकिलाकडे जाऊन आले. विरुद्ध पक्षाला आत बसवता येत नाही म्हणाला, तेव्हा उंबऱ्यात उभं राहून अख्खा अर्ज सांगितला. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, की अपीलदार हजर होता, जाबदाराने म्हणजे मी त्याला घट्ट धरलं होतं.

हे कळताच माझ्या वकिलांचा फोन आला. अर्जाला ते कडाडून विरोध करणार. ते त्यांचं कर्तव्य आहे म्हणे. मी म्हटलं, तुम्हाला नेमलं मी. ते म्हणाले, म्हणूनच. म्हणजे मला माझ्याच वकिलाविरुद्ध उभं राहायचं आहे.

खिडकीचं अकरा वर्षांत एकदाही का नाही लिहिलंस? दया येऊन खोली देईन, हे मात्र डोक्यातून काढ. तुला रीतसर हरवणार आहे. कागद दाराखालून सरकवते. मुकाट सही कर आणि घड्याळं परत टांग.

रागावले आहे, तरी आशीर्वाद पूर्ण आहेत.

तुझी ताई

---

तळमजला, दि. ९

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली, अर्ज दिला. कारकुनाने तो वाचला आणि आणखी दोघांना बोलावून पुन्हा वाचला. नोकरीत त्याने आजारपणं पाहिली, चुकलेल्या गाड्या पाहिल्या. जाबदाराला जिना चढवणारा अपीलदार पहिलाच. गुरुवारी अकराला सुनावणी, हे त्यानेच पक्कं सांगितलं. तुझे वकील कितीही ओरडले तरी अपील परत घेतील, असं त्याचं मत आहे.

कोर्टातली लिफ्ट अजून बंदच आहे. मी घाबरून वकिलाला विचारलं, पुन्हा तसंच झालं तर? त्याने बराच विचार करून परवानगी दिली: जिन्यापुरतं बोलायला हरकत नाही, दालनात मात्र तोंड बंद.

पायऱ्या मोजून आलो, बेचाळीस आहेत. तुझ्या गतीने अर्धा तास सहज. "कठडा धर" सोडून मला काही सुचत नाही. बाकीचं काय बोलायचं ते तू ठरवून ठेव. नऊला दारात उभा राहतो.

तुझा धाकटा