आण्णांचा फोटो जातो म्हणून

८ जुलै

अर्ज परत आला. वर सचिव साहेबांच्या हिरव्या शाईत एकच शब्द — 'थांबावे.'

कशासाठी थांबावे, कधीपर्यंत थांबावे, ते काही नाही. संस्थेच्या वेबमेलमध्ये फट सापडलीय हे मी माझ्या मनानं म्हणत नाहीये. ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं तेच सगळ्या जगाला ओरडून सांगताहेत. बाहेरच्यानं पाठवलेलं एखादं खोडसाळ मेल नुसतं उघडलं, की उघडणाऱ्याची सगळी पेटी त्याच्या हातात. मग वाचा, नाहीतर त्याच्या नावानं कुणालाही काही पाठवा. फट बुजवणारं अपडेटही त्यांनी देऊन ठेवलंय, फुकटात. मला फक्त दुपारी तासभर मेल बंद ठेवायचंय. लातूर, चाकूर, नांदेड — तिन्ही ठिकाणची कॉलेजं तासभर मेलवाचून मेली नसती. तसेही आमचे निम्मे प्राध्यापक मेलची प्रिंट काढल्याशिवाय वाचत नाहीत.

१० जुलै

कारण कळलं. आण्णांचा फोटो!

आण्णा म्हणजे संस्थापक, सचिव शिवशंकर साहेबांचे वडील. मेलच्या लॉगिनच्या पानावर त्यांचा हार घातलेला फोटो आहे, खाली सुविचार. माझ्या आधीच्या माणसानं तो थेट सॉफ्टवेअरच्या पोटात हात घालून बसवलाय. त्यामुळं अपडेट केलं की आण्णा जातात आणि मूळचं निळं चिन्ह येतं. मागच्या वर्षी मी अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी नेमकी त्यांची पुण्यतिथी निघाली. 'बाईनं आण्णाला काढून टाकलं' हे चाकूरपर्यंत गेलं. नुसतं 'बाईनं' म्हणाले नसणार. जे म्हणाले ते माझ्यासमोर कुणी म्हणत नाही, एवढंच.

साहेब आज म्हणाले, "मॅडम, आण्णाची शंभरावी जयंती हाय ऑगस्टात. तवर त्या पानाला हात लावायचा न्हाई."

मी म्हटलं, फोटो परत बसवते, दोन दिवस द्या.

"मंग आधी बसवून दाखवा, मंग अपडेट करा."

म्हणजे आधी बारसं करून दाखवा, मग लग्न लावू. काय बोलणार. 'बरं सर' म्हणून आले.

१५ जुलै

वर्गावर्गात फिरून घसा बसला. विद्यापीठाची तपासणी यायची म्हणून मुलींच्या तक्रार समितीला वेगळा मेल-पत्ता काढून दिला. पासवर्ड पाकिटात घालून समितीच्या अध्यक्ष दीपाली मॅडमच्या हातात दिला. आणि मुलींना सांगायचं काम? तेही माझ्याच गळ्यात. 'मॅडम, तुम्ही लेडीज आहात ना.'

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. तनुजा, चाकूरची, इथं लातूरला हॉस्टेलवर असते. "मॅडम, चावी कुणाकडं ऱ्हाती याची?" बाकीच्या हसल्या. प्रश्न शंभर नंबरी होता. मी खरं तेच सांगितलं. एक दीपाली मॅडमकडं, आणि सर्व्हर माझ्या ताब्यात म्हणून मी मनात आणलं तर उघडू शकते, पण उघडत नाही. पोस्टमन दुसऱ्याची पत्रं वाचत नसतो. ती खाली बसली. पटलं की नाही कळलं नाही.

२२ जुलै

तनुजा माझ्या खोलीच्या दारात. आत आली नाही. "मॅडम, मेल पोचलं का तेवढं सांगा."

सर्व्हरच्या नोंदीत बघितलं. पोचलं होतं, सकाळीच. तसं सांगितलं. मजकूर काय ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण जाताना एवढंच बोलली, की फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात हाईत. म्हणजे कोण ते कळलंच. फिजिक्सचे सर. निकाल आणतात म्हणून साहेबांच्या गळ्यातला ताईत.

मुलीनं विश्वासानं लिहिलं. आणि मी तिला जी पेटी दिली तिला फट आहे, हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

२३ जुलै

पुन्हा अर्ज. पुन्हा 'थांबावे.' शाई तीच.

३० जुलै

झालं. नांदेडहून मुज्तबाचा फोन. तिथल्या शाखेचे कॉम्प्युटर तो बघतो. "आपा, आपल्या ऑफिसच्या पत्त्यावरून पालकांना काहीबाही मेल जाऊन राहिले. पालक इथं येऊन भांडून राहिले." तिथल्या क्लार्कनं 'निकाल' असं वर लिहिलेलं एक मेल उघडलं होतं. बस, तेवढंच. फटीतून शिरले आणि त्याच्या नावानं पत्रं वाटत सुटले.

ती पेटी बंद केली. नांदेडच्या सगळ्यांचे पासवर्ड बदलले. दिवसभर फोनवर मुज्तबाचा आणि माझा गोंधळ. संध्याकाळी अब्बा म्हणाले, "इत्ता कायकू जल री? नौकरीच है ना." अब्बांनी चाळीस वर्षं गंजगोलाईच्या बाजारात शिलाई केली. एक उसवलेली शिवण पुढं कशी जाते हे त्यांना मी सांगायचं?

३१ जुलै

साहेबांना भेटले. "नांदेडचं नांदेडात मिटवा. कुणाचं काय गेलं का? न्हाई ना? मंग."

पालथ्या घड्यावर पाणी. यावेळी अर्ज जरा कडक लिहिला. 'कोणीही बाहेरचा माणूस आपल्या कोणाच्याही नावाने काहीही पाठवू शकतो.' खाली रेघ ओढली. आवक शिक्का घेतला. उद्या काही झालं तर माझ्या मानेवर यायला नको.

१२ ऑगस्ट

जयंती. मांडव, भाषणं, पंगत. पडद्यावर लॉगिनचं पान मोठं करून दाखवलं, आण्णा केवढे तरी मोठे दिसत होते. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तनुजा वाढायला होती. माझ्या ताटात भात वाढता वाढता हळूच म्हणाली, "मॅडम, समितीचं काईच उत्तर न्हाई." मी म्हटलं, अगं, अशी कामं गुपचूप चालतात, वेळ लागतो, धीर धर.

"धरूनच राहिले," म्हणाली आणि पुढच्या ताटाकडं गेली.

२० ऑगस्ट

जयंती झाली. आता अपडेट? "गणपती होऊ द्या."

३ सप्टेंबर

सकाळपासून सगळ्यांच्या मोबाईलवर तनुजाचं पत्र फिरतंय. कॉलेजचे ग्रुप, चाकूरचे ग्रुप, पालकांचे ग्रुप. खाली तिचं नाव. सरांचं नाव. प्रॅक्टिकलनंतर एकटीला थांबवायचे, काय म्हणायचे, सगळं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे वाचताहेत आणि 'वाचवत नाही' म्हणून पुढं पाठवताहेत.

तिचा फोन बंद. हॉस्टेलवर गेले तर खोलीतल्या मुली म्हणाल्या, कालच गावाकडं गेली.

मी सांगत होते. तीन वेळा लिहून दिलं होतं. एका फोटोपायी! हार घातलेल्या मेलेल्या माणसाच्या फोटोपायी एका जिवंत पोरीची अब्रू गावभर झाली. आणि तिला तो पत्ता फळ्यावर लिहून देणारी मी. मला आज कुणाशीच बोलायचं नाही.

४ सप्टेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझे तिन्ही अर्ज, ओळीनं मांडलेले. मला वाटलं, आता तरी माणूस मान खाली घालेल.

कसलं काय. "मॅडम, तुम्ही आधीच लिहिलं व्हतं, लई हुशार. कुणीबी बाहेरचा कुणाच्याबी नावानं कायबी पाठवू शकतो. बराबर? मंग हे पत्र बी तसलंच. बाहेरच्यानं पोरीच्या नावानं घातलेलं. बनावट. तेवढं तुमच्या सहीनं लिहून द्या."

दोन महिने ज्या फटीवर विश्वास नव्हता तिच्यावर आज केवढी श्रद्धा. मी म्हटलं, सर, तसं होऊ शकतं, पण झालंच असं मी कसं म्हणू? तपासावं लागेल.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते, टोपी मांडीवर. तनुजाचे वडील देविदासराव. चाकूरला बी-बियाण्यांचं दुकान आहे त्यांचं. ते उठले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "ताई, साहेब म्हणतेत तसं लिवा. पत्र खोटं हाय म्हणलं की माझ्या पोरीचं नाव निघतं यातनं. तिचं लगीन व्हायचंय अजून." माझ्या वडलांच्या वयाचा माणूस. डोळ्यांत पाणी.

लिहून दिलं. सही केली. खरं सांगायचं तर सही करताना बरं वाटलं. वाटलं, पोरीसाठी निदान एवढं तरी माझ्या हातून झालं. शिवाय सर्व्हर माझ्या ताब्यात म्हणून माझीच चौकशी झाली असती, ती टांगती तलवार गेली, तेही मनात होतंच. नव्हतं कशाला म्हणू.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. साहेबांनी माझं पत्र माईकवरून वाचून दाखवलं. मग फिजिक्सच्या सरांचा सत्कार. शाल, श्रीफळ.

६ सप्टेंबर

आता साहेबांना अपडेट पाहिजे. आजच्या आज. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं हे खरं. दुपारी मेल बंद केलं, आधी सगळ्या पेट्यांची नक्कल काढून ठेवली, मग अपडेट. पंचवीस मिनिटांत झालं. आण्णा गेले, निळं चिन्ह आलं. संध्याकाळपर्यंत एकानंही विचारलं नाही.

पण नक्कल काढताना भलतंच दिसलं.

तक्रार समितीची पेटी. तनुजाचं मेल सगळ्यात खाली, ठळक अक्षरात. ठळक म्हणजे न उघडलेलं. वर आणखी काही मेल, तीही ठळक. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. ही पेटी आजवर एकदाच उघडलीय — पत्ता काढला त्या दिवशी, चाचणीसाठी, मी. त्यानंतर कुणीच नाही. चोर नाही आणि दीपाली मॅडमही नाहीत.

तडक त्यांच्याकडं गेले. ड्रॉवरमधून पाकीट काढून दाखवलं त्यांनी, चिकटवलेलं, जसंच्या तसं. "अगं अर्शी, साहेब म्हणाले होते समिती तपासणीपुरती कागदावर पाहिजे. उघडून बघायचं मला कुणी सांगितलंच नाही ना." आणि वर मला चहा विचारला.

म्हणजे दीड महिना ते पत्र तिथं पडून. आणि मी तिला धीर धर म्हणत होते. उठताबसता फट, फट करत राहिले, पण पत्र कुणी वाचलं का एवढं बघायचं मला सुचलं नाही. पोस्टमन ना मी.

आणि ज्या पेटीत कुणी एकही मेल उघडलं नाही, तिच्यातून या फटीनं काही बाहेर जाऊच शकत नाही. मग पत्र मोबाईलवर आलं कुठून? आणि मी ते बनावट म्हणून सही करून बसलेय. साहेबांना सांगितलं. "झालं ते झालं. आता उकरू नका," म्हणाले.

८ सप्टेंबर

तनुजाचा फोन आला, तिच्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून. रडत नव्हती.

"मॅडम, कुणी चोरलं न्हाई. मीच टाकलं ग्रुपवर, माझ्या नावानिशी. दीड महिना कुणी बोलवना, मंग काय करू? आता मी खरं सांगून राहिले तर सगळे तुमचं पत्र दाखवून राहिलेत. तुम्ही खोटं हाय म्हणून का लिहून दिलं?"

'आता कुठं आहेस?' एवढंच मी विचारलं. वडलांना न सांगता दुपारच्या गाडीनं येतेय ती, पोलीस ठाण्यात जायला. मी स्टँडवर जाऊन थांबते.