दुसरी वेलांटी

१० जून, सोमवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी गुडघ्याला शिव्या देत का होईना, चालते आहे. छापखान्यात माझी प्रुफं आणि मालकांची किरकिर, दोन्ही जागच्या जागी.

तुझं पत्र मिळालं. ‘हॉस्पिटल’ला तू पुन्हा दुसरी वेलांटी दिली आहेस. एरवी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलं असतं आणि तुझ्याकडून ‘दीर्घोबा’ म्हणवून घेतलं असतं. या वेळी पेन उचलवलं नाही.

लेक मुलाखतीसाठी इंग्रजी उच्चार शिकते आहे. शिप-शीप, फिल-फील अशा जोड्यांचा कागद घेऊन बसली होती. मी वाचून दाखवल्या तर हसायलाच लागली.

“बाबा, तुम्ही दोन्ही सारखंच म्हणताय!”

“मला वेलांटी शिकवतेस?”

“बरं, मग नुसतं ऐका. मी कुठला म्हणते ते ओळखा.”

दहातले सात चुकलो. त्यात एक जोडी होती, स्लिप आणि स्लीप. पहिली वेलांटी म्हणजे घसरणं, दुसरी म्हणजे झोपणं. मला तो फोन आठवला.

आईच्या वॉर्डातून त्या दुपारी फोन आला होता. नर्सबाईंना आपली भाषा येत नाही, त्या म्हणाल्या, “मदर स्लिप, सर.” मी ऐटीत म्हणालो, “ओके, लेट हर स्लीप.” त्यांना पुढे काही म्हणायला वेळच दिला नाही. मी फोन ठेवला, आणि लगेच तुला सांगितलं, आई झोपली आहे, आज धावपळ करू नकोस, उद्या ये. तू काढलेलं तिकीट रद्द केलंस. दुसऱ्या दिवशी पोचलीस तेव्हा आई नव्हती.

पडल्याचं कळवलंच नाही, अशी तक्रार आपण दोघांनी केली. त्या बाई रडून सांगत होत्या, मी फोन केला होता. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो गं. पण लेकीचा तो कागद पाहून आज आठ दिवस झाले, आणि हे आठ दिवस मी खोटाच आहे.

गप्प का बसलो तेही सांगतो. आईच्या निरोपांपलीकडे सहा वर्षं आपण बोलत नव्हतो. या तक्रारीच्या निमित्ताने तुझे फोन येऊ लागले, पत्रं येऊ लागली. ते पुन्हा बंद होईल याची मला भीती वाटते. अजूनही वाटते.

पुढच्या सोमवारी त्या नर्सबाईंची चौकशी आहे, नोकरीवर बेतलं आहे. मी जाऊन खरं काय ते सांगणार, तू काहीही ठरवलंस तरी. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज सोबत आहे. चार वेळा तपासला, एकही चूक नाही.

खाली माझी सही केली आहे. शेजारी तुझ्या सहीपुरती जागा सोडली आहे.

तुझा, कानाने कच्चा,
दादा