झावळ्यांच्या घरांचे नंबर

अब्बा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. मी आता अबुधाबीला लेकाकडे असते, अल रीम बेटावर, सत्ताविसाव्या मजल्यावर. सकाळी सगळे ऑफिसला, शाळेला गेले की घर माझं एकटीचं. आज चहा घेऊन बसले आणि वाटलं, तुम्हाला लिहावं. त्या घरांच्या नंबरांबद्दल आपण पुढे कधी बोललोच नाही.

मी नऊ वर्षांची होते. अमिरात हे नावसुद्धा तेव्हा जन्मलं नव्हतं. इथल्याच किनाऱ्यावर, आपण राहायचो त्या खाडीकाठच्या गावात म्युनिसिपालिटी नुकती सुरू झाली होती आणि रत्नागिरीहून आलेले तुम्ही तिथे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. हुकूम निघाला, प्रत्येक घरावर नंबर घाला. गोड्या पाण्याचा पाइप पुढे त्या नंबरांवरूनच जाणार. पण दिवसा पुरुष कामावर, आणि घरातल्या बायका परक्या माणसाला दार कशाला उघडतील? म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. आपल्या घरमालकिणीच्या पोरींशी खेळून मला अरबी यायला लागलं होतं. मी दाराशी उभी राहून ओरडायची, "खाला, नंबर लिहायचाय, पाण्यासाठी!" मग कडी निघायची, खजूर हातावर पडायचा, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून आकड्यांचा पत्र्याचा साचा धरायचात. लाल रंग मी लावायची. इंग्रजी आकडे मी शाळेत नाही, त्या भिंतींवर शिकले. इतकं सुख मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळालं नाही.

पक्की घरं संपली तिथे तुम्ही रंगाचा डबा बंद केलात. पुढे वाळूवर खजुराच्या झावळ्यांची वस्ती होती, पन्नासेक घरं असतील. दारात एक बाई उभी होती, मासेमाराची बायको, पायाशी पाण्याचे दोन रिकामे डबे. तिने मला विचारलं, "आणि आमचं?" मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ऑर्डर पक्क्या घरांची आहे. तिला सांग, नंतर, इन्शाल्ला." मी सांगितलं. ती हसली. म्हणाली, "नंतर म्हणजे आमच्या मुलांची मुलं पितील." तेही मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही माझ्यावर डाफरलात, "जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं! मधली भर नको."

संध्याकाळी अम्मी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. ती तुमच्याकडे न बघता म्हणाली, "घर कच्चं म्हणून त्यांची तहान पण कच्ची का?" तुम्ही चिडलात. "नकाशात नाही ते मी कुठून आणू? नोकरी आहे ही. नियमाबाहेर गेलो की खलास." अम्मीने भाकरी उलटली. तिचा तो प्रश्नच तुम्हाला लागला असावा.

कारण पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही कागदाची गुंडाळी काखेत मारून म्हणता, "यल्ला, चल." अजून मला दिसता तुम्ही, वाळूत पावलं मोजत चाललेले. मी मागून आकडा मोठ्याने म्हणतेय. ती बाई आपल्या दाराशी उभी राहून आपल्याला हसतेय आणि मग स्वतःच पुढे होऊन सांगतेय, कोणाचं घर कुठे संपतं. दोन शुक्रवारांत तुम्ही अख्खी वस्ती कागदावर आणलीत, एकेक कुंपण, एकेक चूल. तो नकाशा तुम्ही साहेबासमोर ठेवलात. साहेब विलायतेचा इंजिनिअर, नवीनच आलेला, अरबीतला एक आकडाही न कळणारा. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पाच वर्षांहून जुनी वस्ती असेल तर धरता येईल; मी येऊन बघतो.

तो आला. उन्हाने लाल झालेला, रुमालाने मान पुसत. त्याने इंग्रजीत तुम्हाला विचारलं, तुम्ही मला, मी त्या बाईला: "ही वस्ती किती वर्षांची?" ती सरळ म्हणाली, "तीन उन्हाळे झाले." मी तुम्हाला तेवढंच सांगितलं, भर न घालता. "तीन."

तुम्ही टोपी काढलीत, परत घातलीत. मग साहेबाकडे वळून म्हणालात, "सेव्हन, सर."

साहेबाने वहीत लिहिलं. घरी येताना तुम्ही विचारलंत, "तुला इंग्रजी कळतं काय गं?" मी मान हलवली, नाही. तुम्ही माझा हात धरलात.

झावळीवर रंग धरत नाही, म्हणून पत्र्याच्या पाट्या कापून तारेने बांधल्या. पाइप पोचायला दीड वर्ष लागलं, पण पोचला. वस्तीच्या तोंडाशी नळ आला त्या दिवशी त्या बाईने माझं तोंड धुतलं त्याच पाण्याने, उगाचच, आणि खूप हसली. तुमची नोकरी राहिली. साहेब बदलून गेला. तुम्ही म्हातारपणी रत्नागिरीकडे गावी ओटीवर बसून पोराबाळांना सांगायचात, "मी उभ्या जन्मात नियमाबाहेर पाऊल टाकलं नाही," आणि आतून अम्मी म्हणायची, "हो, हो, ते खरंच." मी पण मान डोलवायची.

एवढंच कबूल करायचं होतं. साहेब येऊन गेला त्या दुपारी, तुम्ही नमाजाआधी वजू करायला गेला होतात तेव्हा, मी अम्मीला सांगितलं की अब्बा सात म्हणाले आणि ती बाई तीन म्हणाली होती. कालवण ढवळता ढवळता तिने डाव खाली ठेवला. मग तिने सुरमईचा मधला मोठा तुकडा, जो ती नेहमी पोरांत वाटायची, अख्खा तुमच्या ताटात वाढला. तुम्ही विचारलंत, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "काही नाही. खा तुम्ही." आणि तुम्ही बिचारे मान खाली घालून खात राहिलात, आपलं गुपित घरात कोणालाच ठाऊक नाही अशा समजुतीत.